नंदी, रिमोटची गाडी आणि अजनीतला कंटेनर

(दृश्य: तान्हा पोळा. गल्लीत रांगेने उभे केलेले लाकडी नंदी. लहान-मोठे आवाज.)

निवेदन:

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मुलांचा पोळा भरतो. तान्हा पोळा. चाकं लावलेला लाकडी नंदी, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड आणि दोरी धरून उभं असलेलं चार-पाच वर्षांचं पोर. पोळा फुटला की दारोदार जायचं आणि बोजारा मागायचा. कुणी पाच रुपये देतं, कुणी चॉकलेट.

आता त्या पोराच्या दुसऱ्या हाताकडे बघा. त्या हातात रिमोटवर चालणारी प्लास्टिकची मोटार आहे. ती कदाचित दोन समुद्र ओलांडून आली असेल.

कायद्याला ही दोन्ही खेळणीच दिसतात. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू म्हणजे खेळणं. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तेव्हापासून भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्याशिवाय आणि आयएसआय चिन्हाशिवाय खेळणं बनवता येत नाही, आणता येत नाही, विकताही येत नाही. २०१६ चा ब्यूरोचा कायदा तर आणखी पुढे जातो. असा माल साठवून ठेवणं किंवा विक्रीसाठी मांडणं हाही गुन्हा. त्यामुळे हा नियम फक्त आयातदाराचा राहत नाही, गल्लीतल्या दुकानदाराचाही होतो.

आणि नंदी? त्याला सूट आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेलं खेळणं या आदेशातून वगळलं आहे. सूट नोंदणी केलेल्याला आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. ज्या सुताराच्या हातून दरवर्षी नंदी घडतात, त्याने ते ओळखपत्र काढून ठेवलेलं बरं. ही गोष्ट त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या दारात जाऊन सांगायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: टेबलावर धातूची छोटी नळी. तिच्यात खेळण्याचा एक भाग टाकला जातो.)

एवढा बंदोबस्त कशासाठी, ते ही नळी सांगते. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग, किंवा तपासणीत तुटून निघालेला तुकडा, या नळीत पूर्ण मावला तर खेळणं नापास. कारण जे या नळीत मावतं ते बाळाच्या घशात अडकू शकतं. गाडीचं चाक, बाहुलीचा डोळा, खुळखुळ्यातला मणी. ज्या घरात कधी असा प्रसंग आला असेल, त्या घराला या नळीचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही.

मानकाचा क्रमांक आहे आयएस ९८७३. त्याचे अनेक भाग आहेत. एका भागात ज्वलनशीलता तपासतात. एकात रंगातून सुटणारे आठ जड घटक मोजतात: शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक आणि इतर. शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम. मूल खेळण्याशी खेळता खेळता ते चाटतं, चावतं, म्हणून ही मोजणी. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याला आयएस १५६४४ हे आणखी वेगळं मानक आहे.

२०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली आणि आसपासच्या बाजारातून आयात खेळण्यांचे नमुने घेऊन तपासले. तिनातली दोन नापास झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने ठरवलं की आयात खेळण्यांच्या प्रत्येक मालातून नमुना काढायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. नापास झाला तर माल परत जाईल, नाहीतर आयातदाराच्या खर्चाने नष्ट होईल. वर्षभराने गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश लागू झाला आणि तपासणीचं मुख्य ठिकाण बंदरावरून थेट परदेशातल्या कारखान्यात गेलं.

सगळी गुंतागुंत इथून सुरू होते. ती बघायला अजनीला जाऊ.

(दृश्य: अजनी. कंटेनरच्या थप्प्या, क्रेन, मालगाडी.)

नागपूरला समुद्र नाही, पण कस्टम आहे. अजनीला कंटेनर कॉर्पोरेशनचा डेपो आहे. न्हावा-शेव्याला जहाजातून उतरलेला कंटेनर सील न तोडता मालगाडीवर चढतो आणि आठशेहून अधिक किलोमीटर आत येऊन इथे उतरतो. सील इथे तुटतं. क्लिअरिंग एजंट ‘बिल ऑफ एंट्री’, म्हणजे आयात मालाची कस्टमकडची नोंद, भरतो, संगणक जोखीम बघून ठरवतो की माल उघडून बघायचा की नाही. ड्युटी भरली, सगळं जुळलं, की शेवटी येतो तो शब्द, ज्याची प्रत्येक आयातदार वाट बघत असतो: ‘आउट ऑफ चार्ज’. तो मिळेपर्यंत माल शहरात असूनही शहराचा नसतो.

समजा, इतवारीतल्या एका छोट्या व्यापाऱ्याने पहिल्यांदाच खेळण्यांचा कंटेनर मागवला. परदेशातल्या कारखान्याने त्याला जाडजूड टेस्ट रिपोर्ट पाठवला. युरोपातल्या प्रयोगशाळेचा, शिक्क्यासकट. याला वाटलं, काम झालं. कंटेनर अजनीला लागला, अधिकाऱ्याने पेटी उघडली आणि विचारलं, “आयएसआय कुठे आहे? सीएम/एल नंबर सांगा.”

सीएम/एल नंबर म्हणजे ब्यूरोच्या परवान्याचा क्रमांक. रिपोर्ट कितीही खरा असला तरी तो परवान्याच्या जागी चालत नाही. परवाना कारखान्याला मिळतो, व्यापाऱ्याला नाही. त्यासाठी परदेशी कारखान्याने ब्यूरोकडे अर्ज करायचा. भारतात राहणारा एक अधिकृत प्रतिनिधी नेमायचा. ब्यूरोचे अधिकारी त्या देशात जाऊन कारखाना बघतात, तिथली तपासणीची यंत्रणा बघतात, नमुने घेतात. ते पास झाले की परवाना, आणि त्याबरोबर १० हजार डॉलरची बँक हमी. मग त्या कारखान्यात, खेळण्यावर किंवा त्याच्या वेष्टनावर चिन्ह उमटतं. वर आयएस क्रमांक, खाली सीएम/एल क्रमांक. इतवारीच्या गोदामात बसून हे स्टिकर लावता येत नाही.

हाच घोळ अनेकांचा होतो, कारण दुसऱ्या काही गोष्टी इथे येऊन दुरुस्त करता येतात. पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, नग किंवा वजन, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत लागते. ते लेबल राहून गेलं असेल तर परवानगी घेऊन कस्टमच्या देखरेखीखालच्या बंधित गोदामात लावता येतं. खाद्यपदार्थांच्या लेबलातल्या काही ठरावीक चुकाही तशाच सुधारता येतात. पदार्थाची पुरेशी मुदतच शिल्लक नसेल, तर मात्र उपाय नाही. माल सुटताना ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असावंच लागतं. मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक यांची तर तिसरीच पद्धत. तिथे कारखान्याला भेट नसते, भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली चाचणी आणि नोंदणी असते, आणि चिन्हाखाली ‘आर’ने सुरू होणारा आकडा असतो. एकाच कंटेनरमध्ये हे तिन्ही प्रकार असू शकतात. रिमोटच्या गाडीला तर रेडिओ लहरी वापरते म्हणून दूरसंचार खात्याचीही मंजुरी लागते.

आता त्या व्यापाऱ्याचं काय? परवाना नाही म्हणजे सीमाशुल्क कायद्याच्या भाषेत तो माल निषिद्ध. जप्ती होऊ शकते, दंड होऊ शकतो. परवानगी मिळाली तर माल आला तसा परत पाठवायचा, भाडं पुन्हा खिशातून. नाहीतर नष्ट. दरम्यान डेपोचं भाडं चढतं, कंटेनर अडकवल्याचे पैसे जहाज कंपनी रोजच्या हिशेबाने लावते. ३० दिवसांत माल उचलला नाही तर कायद्याने त्याच्या विक्रीची वाट मोकळी होते, पण परवान्याविना असलेलं खेळणं लिलावातून तरी बाजारात कसं जाणार? ब्यूरोच्या कायद्यातली शिक्षा आणखी वेगळी: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान २ लाख रुपये दंड, जो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, किंवा दोन्ही.

नियम कडक आहे आणि असावा. आमची तक्रार नियमाशी नाही. तो माणसाला कधी कळतो, याच्याशी आहे. मोठ्या कंपनीकडे हे बघायला माणसं असतात. घरचं दुकान चालवणाऱ्याला हे कंटेनर उतरल्यावर कळतं, आणि तेही बहुतेक वेळा इंग्रजी नोटिशीतून.

(दृश्य: सेमिनरी हिल्सचा झाडीतला रस्ता. सरकारी संकुलाची इमारत.)

अजनीहून थोडं वर, सेमिनरी हिल्सवर, या विषयातलं नागपूरचं सगळ्यात मोठं घर आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. सगळे तिला ‘पेसो’ म्हणतात. १८९८ पासूनचं खातं, आणि त्याचं मुख्यालय आपल्या शहरात. फटाक्यांपासून पेट्रोल पंपापर्यंत बरंच काही तिच्या अखत्यारीत येतं. आम्ही इथे आलो ते सिलिंडरसाठी.

गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये तो १५० बारच्या आसपास. एवढा दाब पोटात घेऊन ती लोखंडी टाकी रुग्णाच्या उशाशी उभी असते. म्हणून परदेशातून सिलिंडर आणायचं तर पेसोची मंजुरी लागते, आणि एरवी ती मंजुरी देण्याआधी कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी होते. सिलिंडरची जलदाब चाचणीही होते. टाकीत पाणी भरून रोजच्या वापरापेक्षा जास्त दाब देतात. पाणीच का? कारण टाकी फाटली तर पाणी नुसतं सांडतं, वायू मात्र स्फोट करतो. चाचणीची तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकून ठेवलेली असते.

(दृश्य: रात्रीचं नागपूर स्थानक. आवाज नाही.)

मग एप्रिल २०२१ आला. त्या दिवसांत नागपुरात कोण कुठे सिलिंडर शोधत फिरत होतं, हे इथल्या कुणाला आठवून द्यायची गरज नाही. विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्सप्रेस २३ एप्रिलला नागपूरला पोचली आणि तीन टँकर इथे उतरले.

त्याच आठवड्यात परदेशातून सिलिंडर आणि टँकर मागवायचे होते, आणि नियम मध्ये उभा होता. कारखाना बघायला विमानाने जाणार कोण? तेव्हा सरकारने पेसोची प्रक्रिया सैल केली. कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी सोडून दिली. मंजुरी ऑनलाइन, तातडीने. आयात वैद्यकीय उपकरणांवरची किमतीची वगैरे लेबलं माल सोडवल्यावर, विक्रीच्या आधी लावली तरी चालतील, असंही ठरलं.

पण जलदाब चाचणीचा दाखला सोडला नाही. त्रयस्थ तपासणीचा दाखलाही नाही. माणसं श्वासासाठी तडफडत असतानाही तो कागद मागितला गेला, आणि तो मागायलाच हवा होता. फुटणारं सिलिंडर कितीही लवकर पोचलं तरी त्याचा रुग्णाला काय उपयोग? कोणती अट वेळ पडल्यास बाजूला ठेवायची आणि कोणतीला हात लावायचा नाही, हे त्या आठवड्यात जितकं स्पष्ट दिसलं तितकं एरवी दिसत नाही.

(दृश्य: पॉवरलूम. धाग्याचे कोन.)

ही पारख सगळीकडे झाली असं नाही. गेल्या काही वर्षांत असे गुणवत्ता आदेश भराभर वाढले आणि कच्च्या मालापर्यंत पोचले. मागावरच्या पॉलिएस्टर धाग्याला, प्लास्टिकच्या दाण्यांनाही परवाना लागू लागला. धागा काही बाळ तोंडात घालत नाही. तो पुढे विणला जातो, त्याचं कापड होतं. परवाना असलेले परदेशी कारखाने मोजके असले की माल महाग होतो आणि छोटा विणकर अडकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पॉलिएस्टर धाग्यावरचे आणि प्लास्टिकच्या काही कच्च्या मालावरचे आदेश मागे घेतले. आमच्या मते ते योग्य झालं. त्याच तागडीत खेळणी आणि सिलिंडर घालण्याचा मोह मात्र कुणाला होऊ नये.

(दृश्य: इतवारी, संध्याकाळ. अरुंद गल्ली, हातगाड्या, अर्धवट उघडलेलं शटर. आत एक जण फोनवर.)

परदेशी कारखान्याने फोटो पाठवला आहे. पिवळ्या रंगाची जेसीबी, चारशे पेट्या, भाव चांगला. तीस टक्के आगाऊ मागितले आहेत.

फोनमध्ये ‘बीआयएस केअर’ नावाचं ब्यूरोचं फुकट ॲप आहे. त्यात परवाना तपासायची सोय आहे. कारखान्याकडून सीएम/एल क्रमांक मागवायचा आणि तो तिथे टाकायचा. मग समोर येतं: कुणाचा परवाना, कुठला कारखाना, कोणतं मानक, आज चालू आहे की संपला. नाव आणि पत्ता पेटीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवायचं.

तो आकडा टाइप करतो आहे. बाजूला बँकेचा फॉर्म अर्धा भरलेला पडला आहे, सही अजून केलेली नाही.