नवा माणूस दुसऱ्या रविवारी का येत नाही?

(पक्षी सप्ताहात सांगलीत, दर रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींसमोर झालेलं बोलणं, थोडं साफसूफ करून)

नमस्कार मंडळी. मागं ऐकू येतंय ना? बरं. मला विषय दिलाय पक्षीनिरीक्षणाची ओळख, पण समोर बघतोय तर निम्म्याहून जास्त चेहरे जुनेच आहेत, तुम्हाला मी काय ओळख करून देणार, त्यामुळं विषय जरा फिरवतो आणि जुन्यांशीच बोलतो. नव्यांनी बसून ऐकावं, तुमच्याबद्दलच चाललंय.

दरवर्षीचं चित्र तुम्हाला माहितीय. ५ नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, या दोन तारखांमधला हा आपला पक्षी सप्ताह, शाळांमध्ये कार्यक्रम होतात, पेपरात फोटो येतो आणि पुढच्या रविवारी ढीगभर नवी माणसं येतात, कोण पोराला घेऊन, कोण रिटायर झालेलं, कोण नवीन कॅमेरा घेतलाय म्हणून. आणि संक्रांतीपर्यंत परत आपण तेच ते जुने, एकमेकांना कंटाळलेले. मग आपण म्हणतो लोकांना चिकाटी नाही, मोबाईलनं वाट लावली. मला हे अजिबात पटत नाही. चिकाटी नसती तर तो थंडीचा सहाला उठून आलाच नसता. तो आला आणि आपल्यात त्याला शिरायला फटच सापडली नाही, असं माझं मत आहे.

आता बघा काय होतं. कोणीतरी जुना माणूस कुजबुजतो, तो बघा, बाभळीवर. समोर बाभळी पाच, त्यातल्या नेमक्या कुठल्या बाभळीवर हे फक्त सांगणाऱ्यालाच माहीत, नवा माणूस दुर्बीण लावतो, त्याला पानं दिसतात, फांद्या दिसतात, आभाळ दिसतं, तेवढ्यात शेजारचे चारजण वा वा करतात आणि तो पण म्हणतो हो हो, दिसला. दिसलेला नसतो! असे चार पक्षी न बघता बघितले की माणूस घरी जाऊन म्हणतो हे आपलं काम नव्हे. यावर उपाय साधा आहे, घड्याळ. झाडाला घड्याळाची तबकडी समजायचं, शेंडा म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ, आणि सांगताना आधी झाड पक्कं करायचं: विजेच्या खांबाच्या डावीकडची पहिली बाभळ, दोनच्या जागी, वाळकी फांदी, तिच्या टोकावर. एवढं सांगायला दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात उडाला तर उडाला, दुसरा येतोय. दुसरं म्हणजे आधी नुसत्या डोळ्यांनी बघायला लावा, पक्ष्यावरची नजर हलवायची नाही आणि दुर्बीण उचलून डोळ्यांपुढं आणायची. नवा माणूस नेमकं उलटं करतो, दुर्बीण आधी लावतो आणि मग तिच्यातनं अख्खं रान धुंडाळत बसतो. हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, कारण आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायची गोष्ट आहे हेच लक्षात येत नाही.

दुर्बिणीचं निघालंच आहे तर. आपण काय करतो, मोठ्या मनानं आपली दुर्बीण त्याच्या हातात देतो, घ्या बघा. ती आपल्या डोळ्यांना लावलेली, त्याला धुरकट दिसतं, आणि चष्मा असेल तर विचारूच नका. द्यायच्या आधी मधल्या सांध्यात वाकवून त्याच्या डोळ्यांच्या अंतराला लावून द्या, चष्मेवाल्याला डोळ्यापाशी असलेले रबरी कप दुमडायला किंवा आत फिरवायला सांगा. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचा फोकस, नंतर डावा झाकून उजव्या बाजूची जी बारीक रिंग असते तिनं उजव्याचा, झालं, नंतर दिवसभर फक्त मधलं चाक. आणि विकत कुठली घेऊ म्हणून विचारलं तर कृपा करून कंपन्यांची भांडणं सुरू करू नका. ८ बाय ४२ म्हणजे आठ पट जवळ दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, एवढं समजावून सांगा. दहा पटवाली भारी वाटते, पण हाताची थरथरही दहा पट दिसते आणि नजरेत मावणारा भाग बहुतेकदा कमी होतो, नव्याला तर पक्षी सापडण्यातच अडचण आहे, त्याला मोठा भाग दिसलेला बरा. त्यात पहिले दोन-तीन महिने काहीच घेऊ नका असंच सांगा. दुकानदाराला राग येईल, येऊ दे.

आता जरा वादाचा मुद्दा. पहिली ट्रिप आपण सातारा जिल्ह्यातल्या मायणीच्या तलावावर नेतो. फ्लेमिंगो दाखवतो म्हणून. फ्लेमिंगोचं सगळं पाण्यावर आहे, तो उथळ पाण्यात डोकं उलटं घालून चिखलपाणी गाळून खाणारा पक्षी, पाऊस दणकून झाला आणि तलाव भरलेला राहिला तर त्याला उभं राहायला जागाच नाही, मग तो का थांबेल? गाडीभाडं देऊन, पहाटे चारला उठून गेलेली माणसं रिकाम्या तलावाकडं बघत उभी. रिकामा कसला, तिथं चक्रवाक असतात, शेकाटे असतात, पण त्यांना सांगितलेलं फ्लेमिंगो, त्यामुळं त्यांच्या लेखी रिकामाच. आणि समजा फ्लेमिंगो दिसलेच, तर पुढच्या रविवारी घराजवळचा साधा कोतवाल पक्षी कोण बघणार?

म्हणून माझं म्हणणं, सुरुवात हरिपूरला करा. कृष्णा-वारणेचा संगम, सिटी बसनं येता येतं, आणि दोन तासात टिटवी, खंड्या, वंचक, पाणकावळा, धोबी, वेडा राघू, नशीब असेल तर हळदीकुंकू बदक, म्हणजे जे पक्षी त्याला उद्या ऑफिसला जाताना परत दिसणार आहेत तेच. परत दिसणं महत्त्वाचं आहे हो. सोमवारी तारेवर वेडा राघू दिसला आणि नाव आपसूक तोंडात आलं की तो माणूस आपला झाला. पहिल्या दिवशी दहा पक्षी पुष्कळ. आपण यादी साठ-सत्तरवर नेतो आणि वर त्यात वटवट्यांचे, म्हणजे त्या एकसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांचे, प्रकार घालतो, ते आपल्यालाच धड ओळखता येत नाहीत, खोटं बोलू नका.

आणि त्यानं काही विचारलं तर उत्तर कसं द्यायचं ते पण बघा. नवा माणूस म्हणतो, काल एक पक्षी बघितला, काळा होता, कुठला असेल? आपण हसतो. हसू नका, त्याला काय बघायचं हे कुठं माहितीय. सालिम अलींच्या १९४१ च्या पुस्तकात एक फार सोयीची पद्धत आहे, पक्ष्याचा आकार ते ओळखीच्या पक्ष्यावरनं सांगतात, चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीपेक्षा थोडा मोठा, असं. तेच विचारा, साळुंकीएवढा का कावळ्याएवढा? शेपूट कशी होती, चोच कशी, जमिनीवर होता का तारेवर, तारेवरनं झेप घेऊन परत तिथंच येत होता का? येत होता, शेपूट दुभंगलेली, काळाकुळकुळीत. मग कोतवाल. हे असं एकदा त्याच्याकडनं काढून घेतलं की पुढच्या वेळी तो बघतानाच शेपूट बघून येतो. नुसतं नाव फेकून दिलं तर पुढच्या आठवड्यात परत काळाच पक्षी.

मोबाईलच्या ऍपबद्दल आपल्यात दोन गट आहेत, मी मधला. मर्लिनसारखं ऍप आवाज ऐकून नाव सुचवतं, नव्याला त्यानं हुरूप येतो, येऊ दे की. फक्त एक सांगून ठेवा, सुचवलेलं नाव म्हणजे बघितलेला पक्षी नव्हे. आपला कोतवाल शिक्र्याच्या, म्हणजे एका शिकारी पक्ष्याच्या, आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, तिथं ऍप काय आणि आपण काय, झाडावर कोण बसलंय ते बघितल्याशिवाय लिहायचं नाही.

नियमांचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. आपले नियम बरोबर आहेत, घरट्याजवळ जायचं नाही, फोटोसाठी फांद्या बाजूला करायच्या नाहीत, स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, भडक कपडे नकोत. पण आपण ते आधी सांगतच नाही. नवा माणूस लाल टीशर्ट घालून आला की मग सगळ्यांच्या देखत त्याला ऐकवतो. त्याला स्वप्न पडणार होतं का? आदल्या दिवशी फोन करून सांगा, आणि कारणासकट सांगा, की घरट्याजवळ गर्दी झाली तर आईबाप पिल्लांना भरवायला येत नाहीत आणि आपण ठेवलेल्या मागावर कावळा येतो. कारण कळलं की माणूस स्वतः दुसऱ्याला अडवतो.

आणि मगरी! हे कसं विसरतो आपण? कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी, औदुंबरकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरनं बदली होऊन आलेला माणूस दुर्बीण डोळ्याला लावून खंड्याच्या मागं थेट पाण्याच्या कडेला जातो. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येतात आणि आपला सीझनही नेमका तोच. त्यामुळं काठापासून लांब राहायचं, पाण्यात पाय घालायचे नाहीत, लहान पोरं मधे ठेवायची, हे उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य पाहिजे, पक्ष्यांच्या आधी.

हे सगळं कोण करणार, तर माझी सूचना अशी आहे की दोन नव्यांमागं एक जुना, ठरवून, नाव लिहून. त्या जुन्यानं त्या दिवशी स्वतःची यादी करायची नाही, मोठी लेन्स घरी ठेवायची, आणि मागं राहिलं तरी मागंच राहायचं. काही जणांना हे जमणार नाही, त्यांनी खुशाल पुढं जावं, पण मग नव्यांवर खेकसू पण नये. सगळ्यांचाच पिंड शिकवायचा नसतो.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस, भारतात २०१३ पासून चालू आहे. कमीत कमी पंधरा मिनिटं एका ठिकाणी थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकायची, गच्चीतनं केलं तरी चालतं. आत्ता जे नवे येतील त्यांना तोपर्यंत स्वतःची एक यादी एकट्यानं करता आली पाहिजे, मग त्यात सहाच पक्षी असले तरी चालतील.

येत्या रविवारी साडेसहाला हरिपुरात संगमेश्वराच्या देवळापाशी जमायचंय. ज्यांच्याकडं जादा दुर्बीण पडून आहे त्यांनी बाहेर टेबलावर नाव लिहून जावं, आणि जे नव्यांबरोबर राहायला तयार आहेत त्यांनी शेजारच्या कागदावर. आता प्रश्न घेऊया, पण आधी नव्यांचे. जुन्यांनी तोवर चहाला जायला हरकत नाही.