चिठ्ठीवरचं नाव

नमस्कार. व्याख्यानाचा विषय काय, असं आयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी घाईत ‘तेरेझे’ एवढंच म्हणाले. पलीकडून लगेच, ‘मदर तेरेसा का? छान, छान.’ म्हणून सुरुवातीलाच सांगते, या त्या नव्हेत. आणि तुमच्यापैकी कुणी म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट बघून आलं असेल, तर तो उत्सव भरतो त्या मैदानाच्या नावातली तेरेझेही ही नव्हे. ती हिची आजी. १८१० मध्ये त्या आजीच्या लग्नाचा जो सोहळा झाला, त्यातूनच तो उत्सव सुरू झाला. आपण बोलणार आहोत ती नात, दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाची राजकन्या, प्रवासी आणि निसर्गशास्त्रज्ञ तेरेझे. जन्म १८५०, मृत्यू १९२५. मी तिला एकेरीत ‘ती’ म्हणणार आहे. इतकी वर्षं तिच्याबरोबर काढल्यावर अहोजाहो जमत नाही.

मी नोकरीभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. वाळवून कागदावर चिकटवलेल्या फांदीपेक्षा त्या कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीला आमच्याकडे जास्त मोल. कुठं सापडली, कोणत्या तारखेला, किती उंचीवर आणि कुणी गोळा केली. एकदा एका मुलानं फार सुरेख दाबलेली आमरी आणून दिली. ठिकाणापुढे लिहिलं होतं, ‘सहलीत’. मी त्याला म्हटलं, बाळा, हे शुभेच्छापत्र झालं, नमुना नाही झाला.

त्या चिठ्ठीतली शेवटची ओळ, कुणी गोळा केली, तीच आजची गोष्ट आहे. कारण आपलं नाव कुठं लिहायचं आणि कुठं झाकायचं, याचा हिशेब या बाईला जवळजवळ आयुष्यभर करावा लागला.

तिचे वडील प्रिन्स लुइटपोल्ड. तीन भावांत ही एकटी बहीण. आई इटलीतल्या टस्कनीची, फ्लॉरेन्समध्ये वाढलेली. ती १८६४ मध्ये गेली तेव्हा तेरेझे तेरा वर्षांची होती. विद्यापीठाचा प्रश्नच नव्हता. बव्हेरियात मुलींना विद्यापीठात रीतसर नाव घालता आलं ते १९०३ मध्ये. तेव्हा हिनं घरी शिक्षक आणि पुस्तकं यांच्या जोरावर भूगर्भशास्त्र, वनस्पती, प्राणी, मानववंशशास्त्र असं जे हाती लागेल ते आत्मसात केलं. भाषा तर सुमारे बारा. त्यातल्या बऱ्याचशा दरबारात मिरवायला नव्हे, जिथं जायचं तिथल्या माणसांशी बोलायला शिकलेल्या.

लग्न केलं नाही. चुलतभाऊ ओटोवर तिचं प्रेम होतं असं तिचे चरित्रकार सांगतात. परीकथेतला वाटावा असा नॉइश्वानस्टाइनचा किल्ला बांधणारा राजा लुडविग दुसरा, त्याचा हा धाकटा भाऊ. ओटो तरुणपणीच मनोरुग्ण झाला. १८८६ मध्ये लुडविग तलावात मृतावस्थेत सापडला, गादी ओटोकडे गेली, पण ती नावालाच. कारभार हिच्या वडिलांच्या हाती आला आणि १९१२ पर्यंत राहिला. म्हणजे ज्याच्याशी संसार झाला असता तो राजा, पण कोंडलेला. आणि त्याच्या जागी राज्य चालवणारे आपले वडील. या प्रकरणावर कादंबरी लिहायचा मोह अनेकांना होतो. मी इथंच थांबते, कारण या दुःखानं तिला प्रवासाला ‘ढकललं’ असं म्हटलं की तिची जिज्ञासा दुय्यम ठरते. पुरुष शास्त्रज्ञ ॲमेझॉनला गेला तर आपण त्याचं प्रेमप्रकरण शोधत बसत नाही.

आता नावांकडे येऊ. ट्युनिसच्या सहलीवरचं तिचं पुस्तक १८८० मध्ये आलं. रशियावरचं १८८५ मध्ये. ध्रुववृत्तापलीकडच्या प्रवासावरचं १८८९ मध्ये. लेखकाचं नाव ‘थ. फॉन बायर’. बघा, त्यात स्त्री आहे की पुरुष कळत नाही, आणि राजकन्या आहे हे तर नाहीच कळत. बायर म्हणजे बव्हेरियाचा माणूस. आपल्याकडे कुणी ‘त. कोकणकर’ म्हणून लिहावं, तसं. प्रवासातलं नाव आणखी वेगळं, काउंटेस एल्पेन. राजघराण्यातल्या माणसांनी असं खोटं नाव घेणं तेव्हा रूढच होतं. खऱ्या नावानं गेलं की बंदरावर मानवंदना, भाषणं, मेजवान्या. सकाळी सहाला नदीकाठी जाळं घेऊन उभं राहायचं असेल तर मेजवानी परवडत नाही.

१८८८ मध्ये ती ब्राझीलला निघाली. सोबत फक्त तीन माणसं. राजघराण्याच्या मानानं हे जवळजवळ एकटीनं जाणंच झालं. पण या प्रवासाचा धागा घरात फार आधीपासून होता. तिचे पणजोबा, राजा माक्सिमिलिआन पहिला, यांनी १८१७ मध्ये श्पिक्स आणि मार्टिउस या दोघा शास्त्रज्ञांना ब्राझीलला धाडलं होतं. प्राण्यांचं काम श्पिक्सकडे, वनस्पतींचं मार्टिउसकडे. ते १८२० मध्ये परतले ते हजारो नमुने घेऊन, आणि म्युनिकचे संग्रह त्यावर उभे राहिले. कोणत्याही ताडमाडाच्या शास्त्रीय नावापुढे मार्ट. असं संक्षेपानं लिहिलेलं दिसलं, तर तो हाच मार्टिउस.

त्यांनी आणखीही काही आणलं होतं. ब्राझीलच्या जंगलातली दोन आदिवासी मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी. म्युनिकमध्ये त्यांना युरी आणि मिरान्या म्हणत. ही त्यांची नावं नव्हेत, त्यांच्या जमातींची आहेत. चिठ्ठीवर नमुन्याचं ठिकाण लिहावं तशी. म्युनिकच्या थंडीत ती दोघंही दोन वर्षांच्या आत वारली. पुढे त्यांच्या थडग्यावर ब्राँझची प्रतिमाही बसवली गेली. निसर्ग-इतिहासाबद्दल बोलताना आम्हा लोकांच्या डोळ्यांत चमक येते, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगते.

तेरेझे ॲमेझॉनच्या मुखापासून सुमारे दीड हजार किलोमीटर आत, मानाउसपर्यंत बोटीनं गेली. मग खाली किनाऱ्यावरची शहरं, रिओ, आणि तिथून रिओ दोसी नदीकाठच्या जंगलात बोटोकुडो लोकांकडे. ओठात आणि कानांत लाकडी चकत्या घालणारे हे लोक. त्यांच्याबद्दल ती लिहिते ते त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या चष्म्यातून. आज वाचताना काही ठिकाणी अंगावर काटा येतो. मी ते झाकणार नाही. पण त्यांच्या वस्तू, राहणी यांची तिची नोंद तपशिलाची आहे आणि आज ती उपयोगी पडते, हेही खरं.

ती पोचली तो क्षणही बघा. १३ मे १८८८ ला ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली. कायद्यावर सही होती राजकन्या इझाबेलची, कारण सम्राट पेद्रो दुसरे तेव्हा युरोपात होते आणि राज्य ती सांभाळत होती. ही सही होऊन काही आठवडेच झाले होते. पुढच्याच वर्षी तिथलं साम्राज्य गेलं.

आणि काम? जंगलात रोपं दाबणं म्हणजे काय, हे पावसाळ्यात केलेल्यालाच कळतं. टिपकागद रोज बदलायचे. एक दिवस राहिला की बुरशी. ओले कागद विस्तवावर शेकायचे, ते शेकताना जळू द्यायचे नाहीत. मासे स्पिरिटच्या बरण्यांत, किडे डब्यांत, तिथं मुंग्यांपासून राखण. पक्ष्यांची कातडी सोलून, भरून ठेवायची. दिवसभर खेचरावर किंवा बोटीत, आणि रात्री दिव्याशी बसून टिपणं.

पुस्तक यायला नऊ वर्षं लागली. १८९७! काही जण म्हणतात, राजवाड्यातली कर्तव्यं होती, वेळ मिळाला नसेल. तेही असेल, वडील विधुर, मुलगी एकटी, समारंभाला उभं राहावं लागेच. पण ज्यानं संग्रह हाताळलाय त्याला खरं कारण ठाऊक असतं. गोळा करायला चार महिने आणि ओळखायला चार वर्षं! प्रत्येक नमुना त्या त्या गटाच्या जाणकाराकडे पाठवायचा, उत्तराची वाट बघायची, आधीचं सगळं वाङ्मय वाचायचं. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदा राजकन्या तेरेझे हे नाव ठळक आलं. ‘थ. फॉन बायर’ कंसात गेला. एवढ्या सगळ्यातलं मला सर्वांत आवडणारं पान ते. कंस बघा.

त्याच वर्षी म्युनिक विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली. तो मान मिळालेली ती तिथली पहिली स्त्री. त्याआधी १८९२ मध्येच बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीनं तिला मानद सभासद करून घेतलं होतं, तेही पहिलीच स्त्री म्हणून. इथं कुणीतरी खवचट प्रश्न विचारायलाच हवा. १८९२ मध्ये ब्राझीलचं पुस्तक आलेलं नव्हतं. नावावर प्रवासवर्णनं होती, आणि वडील राज्य चालवत होते. मग ते सभासदत्व विद्येचं की वडिलांचं? माझं मत, दोन्हीचं. दार उघडलं ते घराण्यानं; कुण्या शिक्षकाच्या हुशार मुलीसाठी ते उघडलं नसतं. आणि त्या ‘मानद’ शब्दाकडेही बघा. आपल्याकडे मानद म्हणजे बिनपगारी. तिकडे, बाईच्या बाबतीत, मानद म्हणजे आत या, पण इतरांच्या रांगेत बसू नका.

मात्र मान मिळाल्यावर ती काय करते? ४७ व्या वर्षी पुन्हा दक्षिण अमेरिकेला निघते. हा १८९८ चा प्रवास माझ्या मते तिचा खरा प्रवास. कोलंबियात माग्दालेना नदी, जिथून १८०१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ-प्रवासी हुम्बोल्ट वर गेला होता. मग खेचरांवरून बोगोता, इक्वेडोर, पेरू, टिटिकाका सरोवर, चिली, आणि अँडीज ओलांडून अर्जेंटिना. ब्राझीलमध्ये ती जिज्ञासू प्रवासी होती. इथं ती काय गोळा करायचं हे ठरवून जाते. या संग्रहातल्या वनस्पती आणि किडे यांच्यावर १९०० च्या पुढेमागे जर्मन शास्त्रीय नियतकालिकांत लेख आले. मासे गेले व्हिएन्नाला, श्टाइनडाखनर या त्या काळच्या मोठ्या मत्स्यतज्ज्ञाकडे. पेरूच्या प्राचीन कबरींतल्या वस्तूही तिनं आणल्या, आणि त्या खऱ्या कुणाच्या हा प्रश्न आज म्युनिकच्या संग्रहालयापुढे उभा आहे, जसा युरोपातल्या साऱ्याच संग्रहालयांपुढे आहे.

प्रवासाचे दोन खंड १९०८ मध्ये आले. कथा म्हणून वाचायला घ्याल तर कंटाळाल, हे प्रामाणिकपणे सांगते. घाटातलं सुंदर दृश्य सुरू होतं, आपण सरसावून बसतो, आणि तेवढ्यात खाली टीप येते लॅटिन नावांची. मग समुद्रसपाटीपासूनची उंची. मग खडक कोणता. त्या काळच्या बऱ्याच प्रवासी बायका आपल्या भीतीबद्दल, कपड्यांबद्दल, नोकरांच्या गमतीबद्दल लिहीत, कारण वाचकांना आणि प्रकाशकांना तेच हवं असे. ही स्वतःबद्दल जवळजवळ लिहीतच नाही. पूर्वी मला तो तिच्या लेखणीचा कोरडेपणा वाटायचा. आता वाटतं, तिला चिठ्ठी पूर्ण भरायची होती. ठिकाण, तारीख, उंची.

शेवटची वर्षं थोडक्यात. वडिलांनंतर राज्य तिच्या भावाकडे आलं होतं; १९१८ च्या जर्मन क्रांतीत त्याची गादी गेली. ती बोडन सरोवराकाठच्या लिंडाउला राहिली आणि तिथंच वारली.

कुणाला पुढे वाचायचं असेल तर एक व्यवहाराची सूचना. तिची बरीच जुनी पुस्तकं आता स्कॅन होऊन फुकट मिळतात, पण यादीत शोधताना नुसतं तेरेझे टाकून भागत नाही. ट्युनिस, रशिया आणि ध्रुववृत्त हवं असेल तर बायर या नावाखालीही बघा. ब्राझील आणि अँडीज राजकन्येच्या नावावर सापडतील. एल्पेनच्या काउंटेसनं मात्र एकही पुस्तक लिहिलेलं नाही, तिला शोधत बसू नका.

आता तुमचे प्रश्न.