शाई, कागद आणि वैशाखाचे ऊन

(वसंत व्याख्यानमालेत कलाविद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुद्राचित्रणाची, म्हणजे ठसा कोरून, शाई लावून कागदावर चित्र छापण्याच्या कलेची, जी पुस्तके आपल्या हाती पडतात, ती बहुतांशी थंड आणि दमट हवेच्या देशांत लिहिली गेलेली आहेत. लिनोलियमचा तुकडा, म्हणजे लिनो, कोरण्यापूर्वी तो इस्त्रीने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने कोमट करून घ्यावा, शाई घट्ट वाटली तर तिच्यात थोडे तेल घालावे, ओलवलेला कागद सावकाश प्रेसपर्यंत न्यावा, अशा सूचना त्यांत असतात. छत्रपती संभाजीनगरात एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली बसून ही वाक्ये वाचणाऱ्याला हसू येते. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते आणि कपाटात ठेवलेला लिनो आपल्या आपणच कोमट झालेला असतो. त्या सूचना चुकीच्या नाहीत, त्या दुसऱ्या हवेसाठी आहेत. आपल्या हवेसाठीच्या सूचना आपणच लिहून काढायला हव्यात, एवढेच मला आज सांगायचे आहे, आणि ते मी माझ्या रोजच्या कामाच्या आधारे सांगणार आहे.

लिनोलियम हे मुळात फरशीवर अंथरण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेले साहित्य आहे. जवसाचे तेल हवेने घट्ट करायचे, त्यात बुचाचा भुसा आणि राळ मिसळायची आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा, अशी त्याची घडण. आपली छपाईची तेलशाईदेखील जवसाच्याच तेलात घोटलेली असते. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, जो रब्बीत आपल्या शेतांत निळा फुलतो, तोच आपल्या ठशातही आहे आणि शाईतही. म्हणून उन्हाळ्यात दोन्हींचे वागणे एकाच वेळी बदलते, आणि हे तेल कसे वागते हे एकदा समजले की निम्मा उन्हाळा समजला, असे मी मानते.

सकाळी उजाडताना पटाशी लिनोत घातली, तर सालपट अखंड, लांबलचक निघते आणि रेघेच्या दोन्ही कडा धारदार राहतात. अकरानंतर तोच लिनो इतका मऊ होतो, की हात सहज पुढे जातो खरा, पण जवळजवळ कोरलेल्या दोन रेघांमधली बारीक भिंत दाबाने कलंडते आणि छापताना तिथे शाईचा गोळा दिसतो. त्यामुळे केस, पाने, जाळी, मजकूर असे जे जे बारीक, ते पहाटे. मोठे पांढरे भाग साफ करायचे असतील तर ते दुपारी, कारण तिथे मऊपणाचा उलट फायदा होतो. उन्हाची तिरीप येते अशा खिडकीत मात्र लिनो कधी ठेवू नये. आज तो मऊ वाटला, तरी त्यातले तेल हळूहळू अधिक घट्ट होत जाते आणि काही महिन्यांनी पटाशी लावताच त्याचे तुकडे पडू लागतात.

शाईची गोष्ट याहून नाजूक आहे. पाण्याची शाई पाणी उडून वाळते, तर तेलशाई हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. उष्णतेने या दोन्ही क्रिया वेगाने होतात. पाण्याची शाई काचेवर पसरून कागद उचलेपर्यंत तिला कड येते, म्हणून मी तिच्यात ग्लिसरीनचे थेंब टाकते आणि तरीही मे महिन्यात ती शक्यतो टाळते. तेलशाई आधी पातळ होते आणि मग डब्यात तिच्यावर साय धरते. साय धरू नये म्हणून शाईच्या पृष्ठावर बटर पेपर दाबून बसवावा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. पातळपणावर उपाय म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड थोडी थोडी मिसळावी. किती, हे चमच्याने सांगता येत नाही, ते कानाने ठरते. काचेवर रोलर फिरताना बारीक, एकसारखी सळसळ ऐकू आली पाहिजे. चपचप असा ओला आवाज आला तर शाई जास्त आहे किंवा पातळ आहे, आणि कोरलेली प्रत्येक बारीक रेघ भरून जाणार हे नक्की समजावे. कूलर चालू असताना हा आवाज ऐकू येत नाही. शाई लावताना मी कूलर बंद करते आणि घाम कपाळावरून ठशावर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधते.

एका गोष्टीवर मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण ती आपल्याकडे पुरेशी गांभीर्याने घेतली जात नाही. जवसाचे तेल घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते. तेलशाईने माखलेली फडकी कोपऱ्यात एकावर एक टाकली, की आतली उष्णता बाहेर जात नाही, वाढत जाते आणि तो ढीग कोणी काडी न लावता पेटू शकतो. पत्र्याच्या खोलीत, वैशाखात, दार बंद करून घरी जाताना असा ढीग मागे राहणे म्हणजे काय, याचा आपण विचार करावा. फडकी सुटी सुटी पसरून वाळवावीत, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत. शाळा-महाविद्यालयांच्या कार्यशाळांत हा डबा सक्तीचा असायला हवा.

आता कागद. देवगिरी किल्ल्याच्या पुढे खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा तिच्यामागे आलेल्या कारागिरांनी ही वस्ती वसवली, असे परंपरेने सांगितले जाते. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने उचललेला कागद म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन पाहावे. यंत्रावरच्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने झोपलेले असतात. त्यामुळे ओल लागली की तो एका अंगाने जास्त फुगतो आणि वाळला की त्याच अंगाने आखडतो. हातकागदात तंतू चहूकडे पडलेले असल्याने तो सर्व बाजूंनी जवळपास सारखाच हलतो. एकरंगी कामात हा फरक जाणवत नाही. पण तीन रंगांचे चित्र असेल, पिवळा सकाळी छापला, लाल दुपारी आणि निळा दुसऱ्या दिवशी, तर दरम्यान कागदाने आपली मापे बदललेली असतात आणि निळ्या डोंगराची कड पिवळ्या शेतावर एका बाजूने चढलेली दिसते. कागद दर रंगाला त्याच जागी बसावा म्हणून ठोकलेले खुणांचे खिळे विद्यार्थी पुन्हा पुन्हा तपासतात, आणि खिळे बिचारे जागेवरच असतात. यावर मी दोन पथ्ये पाळते. सगळे रंग दिवसाच्या एकाच प्रहरी छापायचे, आणि मधल्या वेळात कागद जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर पाटी ठेवून दाबून ठेवायचे. कूलरची ओली हवा कागदावर थेट येऊ द्यायची नाही, हे तिसरे.

ओलवलेल्या कागदावर छापायचे असेल, म्हणजे ड्रायपॉइंट (प्लेटवर टोकदार सुईने ओरखडून केलेले चित्र) वगैरे, तर घाई आणखी वाढते, कारण टीपकागदातून काढलेला ताव प्रेसच्या बिछान्यापर्यंत नेईतो कडांनी वाळू लागतो. एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा खाऊ देण्याचे काम, मी मार्चअखेर बंदच करते. प्लेटवरचा मेणाचा थर या उन्हात चिकट राहतो, बोट लागले की ठसा उमटतो, आणि आम्ल तापलेले असले की ते झिंकला नेहमीपेक्षा वेगाने खाते, धूरही जास्त सोडते. हौसेसाठी फुप्फुसे खर्चू नयेत.

उन्हावरच चालणारे एक तंत्र म्हणजे सायनोटाइप. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ते शोधले आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी शैवालांची निळी चित्रे त्यातून काढायला सुरुवात केली. लोहाच्या क्षारांचे द्रावण अंधाऱ्या खोलीत कागदावर फासायचे, वाळवायचे, वर वस्तू ठेवून काच दाबायची आणि उन्हात न्यायचे. आपल्या एप्रिलमध्ये काही मिनिटांत काम होते. कडुनिंबाची डहाळी यासाठी फार सुंदर, पण ती ताजी नको. ताजे पान तापलेल्या काचेखाली घाम सोडते आणि कडेने निळा रंग डागाळतो, म्हणून पाने आधी वहीत दाबून सुकवावीत. अडचण पुढे येते. चित्र पक्के करायला ते भरपूर पाण्यात खळबळून धुवावे लागते, आणि पाणी हा आपला सगळ्यांत नाजूक विषय. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते ज्यांनी पाहिले, त्यांना चित्र धुवायला नळ सोडून ठेवणे जमत नाही. मी उथळ ट्रे एकापुढे एक मांडते आणि शेवटच्या ट्रेचे पाणी पुढच्या चित्राच्या पहिल्या धुण्याला वापरते. तेलशाईची काच आणि रोलर तर पाण्याने नव्हेच, स्वस्त खाद्यतेलाने पुसते, शेवटी साबणाचा एक हात.

छापलेले प्रिंट वाळवायला गच्ची वापरता येत नाही, हेही सांगते, कारण शेजारच्या काकू दरवर्षी आग्रह करतात. त्यांच्या कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड साडीवर पसरलेले असतात, आणि एवढ्या उन्हात तुझी चित्रे तासात वाळतील, असे त्यांचे म्हणणे. कडक उन्हात कागद पिवळा पडतो, कडा वळतात आणि वरून शाई वाळल्यासारखी वाटली तरी आत ओलीच राहते. सावलीत, दोरीवर, चिमट्यांनी, तेही वावटळीच्या वेळी खिडक्या लावून. वळवाचा पाऊस झाला, की रात्रीत हवा बदलते आणि सकाळी तेच कागद मऊ, लोळलेले सापडतात. त्या दिवशी रंगीत छपाई करू नये.

पोटापाण्याचे थोडक्यात सांगते. वेरूळ-अजिंठ्याला येणारे पर्यटक उन्हाळ्यात ओसरतात, प्रदर्शने थंडावतात. या महिन्यांत घर चालते ते लग्नपत्रिकांवर आणि सुट्टीतल्या शिबिरांवर. अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या पत्रिकांत काळा रंग चालत नाही, त्यामुळे गणपती शेंदरी किंवा लाल. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, आणि खळ न दिलेल्या हातकागदात ओली हळद पार मधल्या मजकुरापर्यंत पसरते. मी आता पत्रिकेसाठी खळ दिलेलाच कागद घेते आणि हळद कोरडी लावा, असे यजमानांना स्पष्ट सांगते. शिबिरात मुलांना चित्रकार नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेच्या निमित्ताने 1930 मध्ये केलेला गांधीजींचा लिनोकट दाखवते. काळ्या जमिनीवर मोजक्या पांढऱ्या रेघा, हाती काठी, आणि चालण्याचा सगळा वेग त्यात आहे. मुले ते पाहून लगेच कोरायला बसतात. नियम एकच असतो, धरणारा हात नेहमी पटाशीच्या मागे. छपाईला प्रेस लागत नाही, कागदाच्या पाठीवर स्टीलचा चमचा घासला की पुरते, आणि वीज गेली तरी शिबिर थांबत नाही.

आपण सगळ्यांनी एक साधी वही ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. प्रत्येक छपाईच्या वेळी तारीख, प्रहर, ते दोन आकडे, कोणता कागद, कोणती शाई, पूड किती घातली आणि प्रिंट हाताला कोरडे लागायला किती वेळ लागला, एवढे लिहावे. बिघडलेल्या प्रिंटचा तुकडाही त्याच पानावर चिकटवावा. परभणीची वही आणि धाराशिवची वही सारखी निघणार नाही, माळवदाच्या घरात काम करणाऱ्याची आणि पत्र्याखाली काम करणाऱ्याचीही नाही. पुढच्या उन्हाळ्यात अशा आठ-दहा वह्या या टेबलावर शेजारी शेजारी उघडून पाहता आल्या, तर मला हवे आहे ते पुस्तक लिहायला सुरुवात करता येईल.