आधी जीभ अडखळते

भर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या या बोटांकडे बघा. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचंय, पण ती ते उलटं फिरवताहेत. सोबतचा विचारतो, “बरा आहेस ना?” उत्तर येतं, “मला काय झालंय?” पण ते उशिरा येतं, आणि जीभ जड झालेली असते.

इथे एक मिनिटही दवडायचं नसतं.

उन्हाचा त्रास बहुतेकदा आधी वर्दी देतो. पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं ठणकतं, मळमळतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अंग घामाने निथळतं, पण हात लावला तर गार आणि चिकट लागतं. अशा वेळी काम सोडून सावलीत आडवं व्हावं, कपडे सैल करावेत, घोटघोट पाणी प्यावं. अर्ध्या तासात तरतरी आली नाही, तर लगेच डॉक्टर गाठावा.

उष्माघात याच्या पुढचा. शरीराच्या आतलं तापमान एरवी ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ते ४० च्या वर गेलं की मेंदूचा ताबा सुटू लागतो. माणूस बरळतो, विनाकारण चिडतो, झोकांड्या खातो. कधी झटके येतात, शुद्ध हरपते.

घाम आटला तरच उष्माघात, असं अनेकांच्या मनात पक्कं बसलंय. हा समज जिवावर बेततो. अंगमेहनत करताना उष्माघात झालेला माणूस घामाने चिंब असू शकतो. म्हणून त्याचं बोलणं ऐका, चाल बघा. आज वार कोणता, ते विचारा.

हे ओळखायचं सोबतच्यानेच. ज्याचा मेंदू तापलाय, त्याला स्वतःचं बरळणं कळत नाही. कामावर नवा असेल त्याच्याकडे जास्त लक्ष हवं. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. म्हाताऱ्या माणसांना तर तहानच कमी जाणवते.

रुग्णवाहिका बोलवा, पण तिची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर गार पाणी ओतत राहा, जोरात वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. पॅरासिटामॉल देऊ नका; त्याने ही उष्णता उतरत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आणि पाणी ओतता ओतता त्याला त्याचं नाव विचारत राहा.