ब्रेकची डिस्क खरंच वाकडी झालीय का?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडी सात आसनी, सातही जागा भरलेल्या, टपावर बोचकी. कुंभार्ली घाट मी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरलो. पोफळीला टपरीपाशी थांबलो तर जळका वास. भाच्यानं मोठ्या उत्साहानं पुढच्या चाकावर बाटलीभर पाणी ओतलं. चर्र! वाफ निघाली, आम्ही हसलो, चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. पेडल पायाखाली धडधडायचं. चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या, म्हणजे डिस्क, बघून गॅरेजवाला म्हणाला, "डिस्क वाकडी झाल्यात, जोडी बदला." बदलली. चार महिन्यांत थरथर परत हजर!

मग एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक उतरवलं, डिस्क काढली आणि तिच्यामागच्या हबवर, म्हणजे डिस्क नि चाक ज्यावर बसतं त्या भागावर, माझंच बोट फिरवायला लावलं. गंजाचे पापुद्रे! "यावर नवी डिस्क बसवली तरी ती तिरकीच फिरणार की," ते म्हणाले. कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, पिनही कोरडी पडून जाम झालेली; पॅड सुटतच नव्हता.

डिस्क म्हणजे बिडाची थाळी. ती सहसा वाकत नाही. तिरकी बसली, तर फिरताना एकाच जागी पॅडला घासून तिथं झिजते. किंवा फार तापली, की पॅडचा थर तिच्यावर ठिगळासारखा चिकटतो. जाडीतला हा फरक केसाहून बारीक असतो, तरी पायाला कळतो. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं, तर बिडाला तडाही जाऊ शकतो. भाच्याला हे सांगितलंय. त्यानं फक्त मान डोलावली.

मिस्त्रींनी हब तारेच्या ब्रशनं घासला, डायल गेज, म्हणजे बारीकसा हेलकावाही दाखवणारं मापयंत्र, लावून डिस्क फिरवून पाहिली, पिनेला ग्रीस लावलं. चाकाचे नट त्यांनी एअर गननं ठोकले नाहीत. समोरासमोरचे, ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळले. नट कमीजास्त आवळले तरी डिस्क तिरकी बसते.

ब्रेक ऑइलही काळं पडलं होतं. नवं डॉट 3 प्रतीचं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि मग ही मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. घाटात ऑइल उकळलं, बुडबुडे झाले, की पेडल सरळ खाली जातं, ब्रेक लागत नाही. आमचं वासावरच निभावलं.

यंदा तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेक लागेल तेवढाच, दाबून लगेच सोडलेला. पोफळीला गाडी गिअरमध्ये टाकली, चाकाला दगड लावला आणि ब्रेकवरचा पाय काढला, म्हणजे तापलेला पॅड डिस्कवर दाबून राहायला नको. घाटभर मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत.