मांजर आहे, मूल कधी?

[दृश्य : स्वयंपाकघर, सकाळचे आठ. मांजराची वाटी.]

आधी खाणं, मग सुई. मधुमेह असलेल्या मांजरानं वाटीला तोंडच लावलं नाही आणि तरीही इन्सुलिनची पूर्ण मात्रा टोचली, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. मांजर झोकांड्या खातं, झटकेही येऊ शकतात. म्हणून असं मांजर सांभाळणारे हे नवरा-बायको आधी वाटी तपासतात. आज ती रिकामी आहे.

[दृश्य : बाटली आणि सिरिंज, अगदी जवळून.]

बाटलीवर यू-४० लिहिलंय, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. सिरिंजही यू-४०चीच हवी. हेच औषध यू-१०० सिरिंजमध्ये रेघा मोजून भरलं, तर ठरलेल्या मात्रेच्या फक्त ४० टक्के अंगात जातं. उलटी चूक फार वाईट. यू-१०० औषध यू-४० सिरिंजनं दिलं की मात्रा अडीचपट होते आणि मांजराच्या जिवावर बेतू शकतं. बाटली हलवायची की तळव्यांत घोळवायची, हे औषधागणिक बदलतं. पशुवैद्याला विचारूनच ठरवायचं.

[दृश्य : मांजर मांडीवर.]

कुशीजवळची कातडी चिमटीत उचलली की खाली पोकळी तयार होते. सुई तिथे जाते. जागा दर वेळी थोडी बदलायची. सुई काढल्यावर केस ओलसर लागले, तर औषध बाहेर सांडलंय. तरी पुन्हा टोचायचं नाही. आत किती गेलं ते कळायला मार्ग नसतो, आणि एक मात्रा हुकणं हे दुप्पट मात्रेपेक्षा केव्हाही परवडतं.

बारा तासांनी पुन्हा हेच सगळं.

[दृश्य : कौटुंबिक समारंभ. दोघं निघण्याच्या तयारीत.]

आठच्या इंजेक्शनला घरी पोचायचं, म्हणून इतरांच्या आधी निरोप घ्यावा लागतो. दारातच मावशी अडवतात. ‘‘मांजराचं एवढं करतेस, मग पाळणा कधी हलणार गं?’’ मागून काकांचा आवाज : ‘‘हौस पुरे झाली आता.’’

सकाळचं ते काम मावशी-काकांनी कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर हौस म्हणाले नसते.

जानेवारी २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही, मुलं होऊ न देता कुत्री-मांजरं पाळण्यात एक प्रकारचा स्वार्थ आहे, असं जाहीर म्हटलं होतं. हा आरोप मावशींच्या प्रश्नातही असतोच, फक्त प्रेमानं विचारलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. भरल्या घरात हा प्रश्न टाकणाऱ्याला समोरचं माणूस त्यांतलं आहे का, हे माहीत नसतं. आणि ज्यांना मूल नकोच आहे, ते कुणाला कारण सांगायला बांधील नाहीत. काही जोडपी मग समारंभांना जाणंच सोडतात.

[दृश्य : लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचा), हातमोजे, खुरपं.]

पुढचा सल्ला तब्येतीच्या नावानं येतो. ‘दिवस गेले तर बाधा होईल, मांजर आत्ताच कुणाला तरी देऊन टाका.’ ही भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीची. परजीवी खरा आहे आणि गर्भाला त्याचा धोकाही खरा आहे. पण मांजर सहसा पहिल्या संसर्गानंतरच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून त्याची अंडी टाकतं. ती संसर्ग करण्याजोगी व्हायला आणखी एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि गरोदरपणात ते काम घरातल्या दुसऱ्यानं करायचं. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घालायचे, नंतर साबणानं हात धुवायचे. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर शिकारीला सोडायचं नाही. माणसाला हा संसर्ग अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीला लागलेल्या मातीतूनही होतो, पण तो विषय कुणी काढत नाही. एवढी काळजी घेतली, तर गरोदरपणासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. तरीही काढली जातात, चांगली धडधाकट मांजरं.