दहा टन, चारशे टन: खाणीची गाडी आणि तिचा रस्ता

(दृश्य: पहाट. डिचोली तालुका, गोवा. ड्रोनमधून दिसणारी टिप्परची रांग.)

सकाळचे साडेसहा वाजलेत. एकामागे एक उभे असलेले हे टिप्पर मोजत चला आणि छत्तिसाव्यापाशी थांबा.

दहा टनी टिप्पर, असे ३६. या सगळ्यांत मिळून जेवढं खनिज मावतं, तेवढं जगातला सर्वांत मोठ्या वर्गातला डंपर एका खेपेत उचलतो. एक गाडी, एक ऑपरेटर, ३६३ टन, म्हणजे चारशे अमेरिकी टन.

असा डंपर गोव्यात कधी आला नाही. कॅनडातल्या अल्बर्टाच्या तेलवाळूच्या खाणींत, चिलीतल्या तांब्याच्या खाणींत, ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या खाणींत तो दिसतो. आपल्या देशात छत्तीसगडच्या गेवरा कोळसा खाणीत २४० टनी डंपर धावतात. माझे वडील टिप्पर चालवायचे. लहानपणी मला वाटायचं, इंजिन मोठं केलं की गाडी मोठी होते. तसं नसतं, हे कळायला या यार्डात यावं लागलं.

(दृश्य: जुनं यार्ड. गवतात उभा, गंजलेला ३५ टनी डंपर. मेकॅनिक मागच्या चाकाचं हब उघडतात.)

हा ३५ टनी डंपर. हे मेकॅनिक काका याच गाड्यांवर हात काळे करत म्हातारे झाले. हबचं झाकण निघालं. आत बघा: मधोमध एक लहान दातेरी चाक, भोवती फिरणारी तीन चाकं आणि बाहेर दात्यांचं कडं. गाडीच्या ताकदीचं शेवटचं ठाणं हेच. इंजिनातून निघालेली ताकद आधी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जाते. तिथे दोन पात्यांच्या चाकांमध्ये फक्त तेल असतं, म्हणून उभ्या गाडीला झटका न बसता ओढ लागते. तिथून गिअरबॉक्स, मग लांब शाफ्ट, मग ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणारं डिफरन्शियल आणि शेवटी हे हब. इथे वेग आणखी उतरतो आणि जोर वाढतो. काका ते मधलं चाक बोटाने फिरवून दाखवतात. त्यानं बरेच फेरे घेतल्यावर बाहेरचा भाग कुठे एक फेरा पुरा करतो.

ही झाली मेकॅनिकल ड्राइव्ह. एवढ्याशा गाडीपुरतीच ती असते, असं समजू नका. कॅटरपिलर या अमेरिकी कंपनीचा ७९७एफ याच तत्त्वावर चालतो. २० सिलिंडरचं, ४,००० अश्वशक्तीचं इंजिन, सात गिअर, आणि पाठीवर ३६३ टन. मेकॅनिकल ड्राइव्हचा याहून मोठा डंपर बाजारात नाही.

(दृश्य: दूधसागर. घाट चढणारी मालगाडी, मागून जोर देणारी डिझेल इंजिनं.)

आता दुसरी पद्धत. ती समजायला परदेशात जायची गरज नाही, कुळ्यापर्यंत गेलं तरी पुरे.

कुळे ते कॅसलरॉक हा रेल्वेचा घाट ३७ मीटरला १ मीटर चढतो. या घाटात आपण वर्षानुवर्षं जी डिझेल इंजिनं पाहिली, त्यांच्यातलं डिझेल इंजिन चाकाला थेट जोडलेलं नसतं. ते वीज तयार करतं आणि ती वीज चाकांजवळच्या मोटारी फिरवते. मोठ्या डंपरमध्येही हेच करतात. इंजिनाला वीज बनवणारा अल्टरनेटर जोडलेला, तिथून वीज केबलने मागच्या ॲक्सलमधल्या दोन मोटारींकडे. गिअरबॉक्स नाही, लांब शाफ्ट नाही, डिफरन्शियल नाही. शेवटचं दातेरी हब मात्र इथेही राहतं. काकांनी उघडलं तेच, फक्त कितीतरी मोठं.

डंपरचं रेल्वेशी नातं नुसतं तत्त्वाचं नाही. १९७३ मध्ये जनरल मोटर्सच्या टेरेक्स विभागाने टायटन नावाचा डंपर बांधला. साडेतीनशे अमेरिकी टन, म्हणजे आपले जवळपास ३१८ टन वाहणारा. एवढ्या ताकदीसाठी त्यात सरळ रेल्वेचं १६ सिलिंडरचं, ३,३०० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. टायटन एकच बनला. कॅलिफोर्नियातल्या लोखंडाच्या खाणीत राबला, मग कॅनडातल्या कोळशाच्या खाणीत. आज तो ब्रिटिश कोलंबियातल्या स्पारवुड गावात रस्त्याकडेला उभा आहे आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढतात.

त्या काळी मोटारी डीसी होत्या. कार्बनचे ब्रश झिजायचे, धुळीत ठिणग्या उडायच्या, देखभाल संपायची नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यावर एसी मोटारी आल्या आणि इलेक्ट्रिक डंपरचं पारडं जड झालं. लिबहेर, कोमात्सु, बेलाझ, या सगळ्या कंपन्यांच्या सर्वांत मोठ्या गाड्या आज अशाच आहेत. कॅटरपिलर दोन्ही प्रकार विकतं.

(दृश्य: खाणीचा उतार. ब्रेक लावताना तापणारी तारांची जाळी दाखवणारं, जुन्या माहितीफलकावरचं चित्र.)

उतारावर या मोटारींचं खरं मोल कळतं. त्या उलट्या वागतात: चाकं त्यांना फिरवतात, त्या वीज तयार करतात, आणि तसं करताना गाडीला मागे धरून ठेवतात. ती वीज मोठ्या तारांच्या जाळीत उष्णता म्हणून उडवून देतात. ब्रेकच्या चकत्यांना फारसा हात लावावा लागत नाही. मालगाडी दूधसागरचा घाट उतरते तेव्हाही असंच घडतं.

(दृश्य: यार्डात आडवा पडलेला टायर. शेजारी उभा माणूस.)

आणि आता हा टायर. हा ३५ टनी गाडीचा आहे. ३६३ टनी गाडीचा टायर असतो चार मीटर उंच आणि एकाच टायरचं वजन पाच टनांच्या वर. दोन टायर मिळून आमच्या एका टिप्परचा अख्खा माल.

कागद-पेन्सिल घ्या. भरलेल्या ७९७एफचं एकूण वजन ६२४ टन. पुढे दोन, मागे चार, असे सहा टायर. एकावर आले १०४ टन. आता जगातला सर्वांत मोठा डंपर पाहू: बेलारूसमधल्या झोदिना शहरात २०१३ मध्ये बनलेला बेलाझ ७५७१०. ४५० टन वाहतो. दोन इंजिनं, मिळून ४,६०० अश्वशक्ती, चार मोटारी. रिकामा ३६० टन, भरला की ८१० टन. पण टायर सहा नाहीत, आठ आहेत. आठांनी भागा. एकावर १०१ टन.

दोन्हीकडे शंभराच्याच आसपास आकडा येतो, कारण हल्लीचा सर्वांत मोठा टायर एवढंच पेलतो. बेलाझला अधिक माल वाहायचा होता, तर इंजिन वाढवून भागलं नाही, चाकं वाढवावी लागली. कॅटरपिलरचा पहिला ७९७ आला १९९८ मध्ये, ३६० अमेरिकी टनांचा. पुढे ३८०, मग ४००. पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि तिथून पुढे फारशी वाढ नाही.

शिवाय टायर तापतो. किती वजन आणि किती वेग, या दोन्हींच्या गुणाकारावर त्याची मर्यादा ठरते. ती ओलांडली तर रबराचे थर आतून सुटू लागतात. म्हणून मोठ्या खाणीत ऑपरेटरला वेग सांगितलेला असतो आणि रस्त्यावर सांडलेला दगड लगेच उचलला जातो. रस्ता सपाट करणारे ग्रेडर आणि पाण्याचे टँकर दिवसभर रस्त्यावरच. दहा मीटरला एक मीटर अशा चढावर ६२४ टन ओढताना ४,००० अश्वशक्तीचा ७९७एफ ताशी जेमतेम १२ किलोमीटर जातो. तो मंद चालतो यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

(दृश्य: पाण्याने भरलेली जुनी खाण, वरून. हिरवं पाणी, तांबड्या पायऱ्या.)

तर गोव्यात असली गाडी का नाही, याचं उत्तर या पायऱ्यांमध्ये आहे. २०१८ पर्यंतच्या आमच्या बहुतेक लीज, म्हणजे खाणपट्टे, पोर्तुगीज काळातल्या, शंभर हेक्टरांच्या आतल्या होत्या. साडेनऊ मीटर रुंद डंपर दोन्ही दिशांनी चालवायचा तर रॅम्प, म्हणजे खाणीत उतरणारा रस्ता, त्याच्या रुंदीच्या साडेतीनपट, म्हणजे ३३ मीटर हवा. ६० मीटर खोल उतरायला दहाला एकचा रॅम्प ६०० मीटर लांब होतो. म्हणजे दोन हेक्टर नुसत्या रस्त्याला. तो रस्ता काढायला आणखी माती उपसायची, आणि आधीच गोव्यात एका टन खनिजामागे दोन-तीन टन माती निघते. ती टाकायची कुठे? मातीच्या ढिगाच्या, म्हणजे डंपच्या, पायथ्याशी कुणाचं तरी शेत, कुणाचा तरी व्हाळ असतोच.

आणि जमीन पाहा. खाली भूजल, वर आमचा पाऊस, मध्ये मऊ चिकणमाती. १०४ टन पेलणारा टायर जमिनीवर साधारण दीड चौरस मीटर टेकतो. पावसाळ्यात त्या मातीवर तो उभा राहणार नाही.

म्हणजे इथेही जमिनीनं आणि रस्त्यानंच गाडीचा आकार ठरवला. खाणीच्या आत.

(दृश्य: खाणीचं फाटक. बाहेर पडणारे टिप्पर, डांबरी रस्ता.)

फाटकाबाहेर हा विचार कुणी केला नाही. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झालं. काही कर्नाटकातलं होतं, म्हणून अर्धंच धरू. दहा-दहा टनांनी नेलं तरी वर्षाला २५ लाख खेपा, आणि तेवढ्याच रिकाम्या परत. जेटीवर दोन हजार टनांची एक बार्ज, म्हणजे मालवाहू बोट, भरायला दोनशे टिप्पर. टिप्पर लहान होता म्हणून तो गावच्या रस्त्यावर मावला. मावला म्हणून किती पाठवायचे, हा प्रश्न मागे पडला.

धूळ, अपघात, बुजलेली शेतं. २०१२ची खाणबंदी, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा, २०१८ मध्ये रद्द झालेल्या ८८ लीज, बँकेने ओढून नेलेले टिप्पर, खाणपट्ट्यांचे लिलाव, आणि आता पुन्हा सुरू झालेली ही रांग.

न्यायालयाची मर्यादा टनांवर होती. मला हवी आहे ती रस्त्यावरची. खनिजाला स्वतःचा रस्ता द्या. गावाबाहेरून जाणारा, टिप्परच्या मापाने बांधलेला, ज्यावर रोज पाणी मारलं जाईल आणि किती खेपा जातील हे आधी ठरलेलं असेल. अल्बर्टात, चिलीत डंपर घेण्याआधी त्याचा रस्ता आखतात. त्यांचा डंपर चारशे टनांचा आहे म्हणून ते एवढी काळजी घेतात असं वाटेल, पण आमचे ३६ टिप्पर मिळून तेवढाच माल नेतात.

(दृश्य: खनिज वाहतुकीच्या वाटेवरचं एक गाव. रस्त्यावर उलगडलेली मोजपट्टी.)

जाता जाता हे एक माप घेतलं. डांबराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेपाच मीटर. पट्टी पुढे ओढत नेली, साडेनऊ मीटरपर्यंत, त्या मोठ्या डंपरच्या रुंदीइतकी. ती गटार ओलांडून अंगणात गेली आणि तुळशीवृंदावनाला टेकली.

मग पट्टी मागे घेतली. टिप्परची रुंदी अडीच मीटर. दोन टिप्पर समोरासमोर आले की पाच. राहिला अर्धा मीटर.

(दृश्य: शाळा सुटते. मुलं त्या अर्ध्या मीटरमधून एका ओळीत चालतात. आवाज फक्त टिप्परचा.)